अक्काचे हात

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा चाकणला कांद्याचा बाजार भरला होता आणि माझ्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चिंचवडहून तिच्या शेजारचे जोशी मास्तर एस.टी.ने आले, दारातच उभे राहिले, आणि मी "काय मास्तर, इकडे कुठे?" असं विचारलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मला कळलं... हातातलं इंजेक्शन मी समोरच्या पेशंटला दिलं, पुढच्या दोघांनाही तपासलं, आणि मगच उठलो. असं का केलं ते मला आज महिन्यानंतरही सांगता येत नाही. तिचं हृदय वर्षभर कुरकुरत होतं. तिला आणि मला, दोघांनाही ते ठाऊक होतं. तरी धाकट्या भावाला मोठी बहीण जाईल असं कधी खरं वाटत नाही.

आम्ही दोघंही डॉक्टर. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, मुंबईला शिकलेली आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर बाळंतपणाचं पुढचं शिक्षण घ्यायला विलायतेला गेलेली. तिथे बर्फावरून घसरून ती पडली आणि तिचं डोकं दुखू लागलं ते महिनोन्‌महिने थांबेना. औषधं झाली, तपासण्या झाल्या. शेवटी कुणीतरी तिला एका म्हाताऱ्या बाईंकडे नेलं. त्या बाई नुसत्या हातांनी उपचार करणाऱ्या. त्यांनी अक्काला आडवं निजवलं, तिच्या कवटीखाली दोन्ही तळवे ठेवले आणि काहीही न करता बसून राहिल्या. "रघू, पहिल्यांदा मला हसू आलं," अक्का सांगायची, "मग रडू आलं, आणि मग झोप लागली." दुखणं गेलं. बाळंतपणाची पदवी घेऊन ती परत आली खरी, पण आली ती त्या बाईंची विद्या शिकून.

ती विद्या अशी, की कवटी हे एक हाड नाही. अनेक हाडं शिवणींनी एकमेकांत गुंतलेली असतात, आणि त्या शिवणींपाशी ती किंचित हलतात. डोकं जरासं रुंदावतं, जरासं आवळतं, श्वासापेक्षाही संथ लयीत. कवटीच्या तळाशी पंख पसरलेल्या वटवाघळासारखं एक हाड आहे, तिच्या मते सगळी हालचाल त्याच्यापासून सुरू होते. अडखळलेली लय तळहाताला कळते आणि नुसत्या आधाराने ती मोकळी होते. पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी हे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि तिला वाटेला लावलं. तेव्हा तिने चिंचवडला दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

मीही तिला टोकल्यावाचून सोडलं नाही. "अक्का, मोठेपणी ही हाडं जखडलेली असतात. मी कवटी हातात घेऊन परीक्षा दिलीय."

"कुणाची कवटी?"

"कुणाची म्हणजे? कॉलेजातली."

"मेलेल्या माणसाची ना? वाळलेलं लाकूड चाचपून झाड वाऱ्यात कसं हलतं ते सांगशील का?"

मला ते पटायचं नाही. आजही पटलेलं नाही. पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतून एक सिंधी बाई तिच्याकडे यायची. घरदार सोडून आल्यापासून तिची झोप उडाली होती. अक्का तिचं डोकं धरून बसली की ती बाई तिथेच घोरू लागायची. मी म्हटलं, "यात तुझ्या हाडांचा काय संबंध? कुणीही मायेने डोकं धरलं तर माणूस झोपेलच." अक्का म्हणाली, "मग धर ना. कोण नको म्हणतंय?"

तिचं नाव हळूहळू खेडच्या बाजूलाही पोचलं. चिंचवडच्या डॉक्टरीणबाई पोरांची डोकी हातांनी गोल करतात, अशी बोलवा झाली. त्यावरूनच चाकणजवळच्या एका वाडीतली पारू आपलं तान्हं बाळ घेऊन माझ्याकडे आली. बाळाचं डोकं होडीसारखं लांब आणि अरुंद. बरोबर नवरा किसन आणि सासू. त्यांना माझं मत नकोच होतं, अक्काकडे जायची वाट हवी होती. मी त्यांच्याबरोबर गेलो.

अक्काने बाळाला मांडीवर घेतलं. कपाळापासून मागे, डोक्याच्या मधोमध बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. तिथे हाडाचा कणा उठला होता.

"बाई, तुमच्या हातानं व्हईल ना?" सासूने विचारलं.

"नाही," अक्का म्हणाली. "ही शिवण वेळेआधी मिटलीय. आत मेंदू वाढतोय, त्याला जागा हवी. माझ्या हातांनी ती उघडणार नाही. मुंबईला नेऊन ऑपरेशन करायला हवं."

किसन ताडकन उठला. "डोकं कापायचं? न्हाई. आमी तुमच्या नावानं आलो. महिनाभर रोज आणतो, तुमीच करा." आणि ते निघून गेले. मला वाटलं, संपलं. माझ्या मनात असंही आलं, की इतरांची धरते तसं या बाळाचं डोकं महिनाभर धरून बसली असती, तर कुणीही तिला बोल लावला नसता.

दोन दिवसांनी अक्का स्वतः चाकणला हजर. "चल, मला त्या वाडीवर घेऊन चल." बैलगाडीने गेलो. किसन शेतात होता. अक्का पारूशेजारी ओट्यावर बसली आणि तिने शेजारणीचं तेवढंच तान्हं बाळ मागून घेतलं. पारूचं बोट आपल्या हातात धरून तिने त्या बाळाच्या टाळूवर अलगद टेकवलं.

"काय लागतंय?"

"मऊ हाय. थडथड उडतंय."

"आता तुझ्या बाळाला लाव."

पारूने बोट लावलं. मागेपुढे फिरवलं. पुन्हा शेजारणीच्या बाळाला लावलं, पुन्हा आपल्या. तिचा चेहरा पाहवेना. "बाई... हितं समदं घट हाय," ती म्हणाली. "हितं काय हलतच न्हाई."

संध्याकाळी किसन आला तेव्हा पारू पदर खोचून उभी होती. "मी नेते मुंबईला. तुमी आलात तर बरं, न्हाईतर मी आन बाई जातो." सासू आधी भांडली, मग तीच बाळाच्या दुपट्यांचं गाठोडं बांधू लागली. किसनही मुंबईला निघाला, अक्काही निघाली. शस्त्रक्रिया चालू असताना ती दाराबाहेर पारूचा हात धरून फरशीवर बसली होती, असं मला नंतर किसनने सांगितलं. सर्जनने मिटलेल्या शिवणीतल्या हाडाची पट्टी काढली. पोर जगलं. आता ते धावतं, भांडतं, आणि केस वाढले की डोक्याचा आकार कुणाच्या लक्षातही येत नाही.

अक्काकडची गर्दी मात्र ओसरली. बाईंनीच सांगितलं हातानं होत नाही, मग जायचं कशाला, असं लोक म्हणू लागले. मी चिडलो, तर ती हसली. "अरे, माझ्या हातांनी काय होणार नाही, हे मला याच हातांनी सांगितलं. मग त्या हातांवर राग कसा धरू?"

शेवटच्या वर्षात मी दर रविवारी तिच्याकडे जात असे. ती थकलेली असायची. एकदा म्हणाली, "आज तू माझं डोकं धर." तिने सांगितलं तसे मी तळवे ठेवले. तिचे पांढरे झालेले केस, त्यांखाली ती ओळखीची, जड, उबदार कवटी...

"काही कळतंय?"

"नाही अक्का."

"बरं झालं, खोटं नाही बोललास," ती डोळे मिटून म्हणाली. "असू दे. राहू देत हात तसेच."

गेल्या आठवड्यात तिच्या खोल्या रिकाम्या केल्या. रुग्णांना निजवायचा तिचा लाकडी बाक मी चाकणला आणला. त्यावरची चादर काढली तर उशाच्या बाजूला लाकूड दोन ठिकाणी गुळगुळीत झालेलं दिसलं, तेलकट, किंचित खोलगट. तिथे ती कोपरं टेकत असे. काल बाजारातला एक हमाल डोकं दुखतंय म्हणून आला. गोळी दिली. तो उठू लागला, तर मी म्हटलं, "जरा पडा." स्टूल ओढून बाकाच्या उशाशी बसलो, त्या दोन जागी माझी कोपरं टेकवली आणि त्याचं डोकं तळव्यांत घेतलं. काही हललं की नाही, मला सांगता येणार नाही. त्याचा श्वास मात्र हळूहळू संथ होत गेला. बाहेर पेशंट खोळंबले होते, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. मी त्याला मानेनेच सांगितलं, थांब.