आप्पांच्या हातातला दोर

सायकल आणि धावणं जमत होतं. पहिल्या ट्रायथलॉनसाठी अडत होतं ते पोहणं. म्हणून रोज सकाळी मी बेळगुंदीच्या आमच्या विहिरीत उतरायची. कमरेला दोर, त्याचं टोक काठावर बसलेल्या वडिलांच्या मुठीत. आप्पांना स्वतःला पोहता येत नाही.

पोहायला यायला लागलं तसा मला त्या दोराचा वैताग यायला लागला. "सोडा की आता," म्हटलं की ते म्हणायचे, "असू दे गं."

एकदा चिडून मी पाण्यातच गाठ सोडली आणि बुडी मारून पलीकडे गेले. दोर सैल लागताच आप्पांनी धोतरासकट उडी टाकली.

मी त्यांना ओढून पायरीवर आणलं. धापा टाकत म्हणाले, "लई चांगलं पवतीस की गं."

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने दोर बांधला. आप्पा मात्र काठावर बसले नाहीत. पाण्याला लागून असलेल्या पायरीवर बसले.