भाऊबीजेच्या चिठ्ठ्या

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मनातल्या मनात दादाशी भांडतच होते. भाऊबीज जवळ आली होती आणि यंदा त्याला गप्प करायचंच, असा माझा बेत होता. "वन्सं, दुपारी जरा पडतो म्हणाले... ते उठलेच न्हाईत," एवढंच ती बोलली.

दादा कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. स्मृती हा त्याचा आवडता विषय, आणि त्याची प्रयोगशाळा म्हणजे मी. लहानपणी आम्ही दोघं अण्णांबरोबर नेसरीहून गडहिंग्लजच्या बाजाराला गेलो होतो आणि आमच्यातलं एक लेकरू गर्दीत हरवलं. अण्णा सापडेपर्यंत बांगड्या विकणाऱ्या चाचीनं त्याला मांडीवर घेतलं. इथवर एकमत. पण हरवलं कोण? दोघंही म्हणायचो, मीच. मला चाचीच्या अत्तराचा वास आठवतो... दादालाही तोच आठवायचा! आईअण्णा गेले, विचारायला कुणी उरलं नाही. "खोटारडा हाईस," मी म्हणायची. "खोटं कुणीच बोलत न्हाय, माले," तो म्हणायचा. "डोकं म्हंजे कोठार, ठेवलं तसंच निघणार, असं आधी मानायचे. तसं न्हाय ते. आठवण आमटीगत असती, दरवेळी नव्यानं करायची. हाताला लागंल ते पडतं त्यात."

मग त्यानं नियमच केला. दर भाऊबीजेला ओवाळण्याआधी दोघांनी त्या बाजाराची आपापली आठवण लिहायची आणि न दाखवता बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. निरांजन विझायला आलेलं, वहिनी ओरडतेय, आणि आम्ही परीक्षेला बसल्यासारखे हात आडवा धरून लिहितोय! डबा उघडायचा तो एकच जण उरल्यावर, असं ठरलं होतं. तेव्हा त्यावर आम्ही खूप हसलो होतो.

गेल्या आठवड्यात कसबा बावड्याला त्याच्या खोलीत बसून मी तो उघडला. माझ्या चिठ्ठ्यांत चाचीच्या बांगड्या आधी हिरव्या होत्या, पुढे लाल झाल्या. मला पत्ताच नाही. दादाच्या शेवटच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "हरवली मालनच असणार. अत्तराचा वास मी तिच्याकडूनच उचलला. पण ती सापडल्यावर अण्णांनी तिच्यासाठी घेतलेली भजी मी खाल्ली, ही आठवण माझी स्वतःची. तिला ते आठवत नाही, म्हणून सांगितलं नाही."

जिंकले मी. इतकी वर्षं भांडले ते ह्याचसाठी, आणि आता चिडवायला समोर दादा नाही, ह्याचं फार वाईट वाटलं. मग हसूच फुटलं. भज्यांचं मला खरंच काही ठाऊक नव्हतं. चिठ्ठी चार वेळा वाचली... आणि आता सगळं आठवतंय. तेलकट कागद, तोंड भरलेला दादा, आणि रडून सुजलेला माझा चेहरासुद्धा मला समोरून दिसतोय. "हे तू आत्ता रांधलंस की गं," तो म्हणाला असता. असेल. येत्या भाऊबीजेला हेच लिहून मी चिठ्ठी डब्यात टाकणार आहे, आणि वहिनीला भजी करायला सांगून त्याच्या वाटची मी खाणार आहे.