खंडेनवमीला बसवलेली विंडोज

आपण नालायक आहोत, हे आमच्या जुन्या संगणकानं स्वतःच पडद्यावर लिहून दिलं होतं. 'हा संगणक नव्या विंडोजसाठी पात्र नाही.' झालं! माझा स्वाभिमान दुखावला. (संगणकाचा नाही. तो समजूतदार होता.) मी इंटरनेटवरून ती तपासणी चुकवायची युक्ती शोधली आणि खंडेनवमीच्या सकाळी, तासगावच्या आमच्या घरात, नवी विंडोज बसवायला घेतली.

बायको म्हणाली, "आवं, आधी आक्कांचे फोटो पेनड्राइव्हवर घ्या की!"

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा फोन विहिरीत पडल्यापासून तिच्या लेकीच्या हळदीचे फोटो जगात फक्त याच संगणकात होते. ते न्यायला ती दसऱ्याला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, कोरेगावहून येणार होती.

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो. (आमच्या घरात सर्वनाशाआधी हे वाक्य म्हणायची पद्धत आहे.)

पडद्यावर आलं: 'साठ टक्के. संगणक बंद करू नका.' मी विजयी वीरासारखा आंघोळीला गेलो!

परत येतो तर संगणकाला हळद-कुंकू, झेंडूची माळ, पुढ्यात नारळ आणि पडदा काळाठिक्कर!

"आबा! हे कुणी बंद केलं?"

वडील शांतपणे उदबत्ती ओवाळत होते. "मी. ट्रॅक्टर बंद, फवारणीचा पंप बंद. पूजा झालेल्या यंत्राला आज इसावा द्यायचा असतोय, ठावं न्हाई व्हय?"

"अहो आबा, बंद करू नका असं त्यावर लिहिलं होतं!"

"मग? देवाचं सोडून त्याचं ऐकू?"

मी प्लगकडे झेपावलो. "उद्या!" आबा गरजले.

तो सगळा दिवस मी आक्काला फोटो तोंडी कसे सांगायचे, याचा सराव केला.

दसऱ्याला आक्का आली. आपट्याची पानं हातात देता देता म्हणाली, "फोटो दाव." आबांनी स्वतः बटण दाबलं. पडद्यावर गोल गोल फिरत राहिलं. मग आलं: 'मागची आवृत्ती परत आणत आहोत.' आणि आमची जुनीच विंडोज हजर! फोटोही सगळे जागच्या जागी!

"बघ," आबा म्हणाले, "एक दिस निजला, तर कसा ताजा झाला!"

आक्कानं फोटो बघून डोळे पुसले आणि तारांसकट संगणकच उचलला.

"अगं, नुसते फोटो ने ना!"

"गप रं. तुज्या घरात ह्याच्या जिवाला धोका हाय."

बायकोनं पुन्हा कुंकू लावलं, आबांनी गाडीत उशी देऊन बसवलं. पाठवणी अगदी रीतसर झाली. फक्त रडायला मी एकटाच होतो.