पेल्यातलं पाणी

कडावची नंदा कुंभिवलीच्या नर्सरीत कामाला लागली तेव्हा तिला ब्रोमेलियाड हे नाव उच्चारताही येत नव्हतं. अननसासारखी पानं, मधोमध लाल तुरा. बायका त्याला अननसाची बहीण म्हणायच्या. पाणी मुळाशी कमी, पानांच्या मधल्या पेल्यात जास्त. आणि दर तिसऱ्या दिवशी ते ओतून नवं भरायचं. हे सगळं महिन्याभरात तिच्या हातात बसलं. मालकानं टाकायला काढलेली चार रोपं तिनं घरी आणली. नवऱ्यानं, रोहिदासनं, पडवीत त्यांच्यासाठी फळी ठोकली. डेअरीवर दूध घालून आला की तो तिथंच टेकायचा.

भादव्यात आई आजारी पडली म्हणून नंदा माहेरी दहा दिवस राहिली. निघायच्या घाईत पाणी बदलायचं कुणाला सांगितलंच नाही. परत आली तर रोहिदास तापानं फणफणलेला. तापाच्या सहाव्या दिवशी कर्जतच्या दवाखान्यात त्यानं प्राण सोडला. डॉक्टर म्हणाले, डेंगू.

दहावा व्हायच्या आत गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई, छाया, घरोघरी पाणी तपासत आली. पडवीतल्या पेल्यात तिनं बॅटरी मारली. आत बारीक अळ्या वळवळत होत्या.

नंदानं वाकून पेल्यात पाहिलं. “मीच मारलं गं ह्यांना.”

“असं नको बोलू. पलीकडं टायरात पन हायेत अळ्या. कुठला डास चावला, कोन सांगंल?”

नंदानं चारही झाडं उकिरड्यावर नेऊन टाकली. तिची सासू बायजा उंबऱ्यात बसून बघत होती.

पोटासाठी महिन्यानं नंदा पुन्हा नर्सरीत गेली. आता गिऱ्हाइकानं ते झाड उचललं की ती आधी डासांचं सांगते. एकदा मुंबईच्या एक बाई झाड खाली ठेवून निघून गेल्या. मालक वैतागला, “अगं, विकायचं हाय ना आपल्याला?”

“सांगनारच मी,” एवढंच नंदा म्हणाली.

घरी दोघी एका चुलीवर जेवतात. बायजा तिला पहिली भाकरी वाढते, पाय दुखले तर तेल लावून देते. रोहिदासच्या मरणावरून तिनं सुनेला कधी बोल लावला नाही. पण ‘तुझी काय चूक नाय गं’ हेही ती कधी म्हणाली नाही, आणि नंदा अजून त्याचीच वाट बघते.