मुनाफभाईने शिवलेला अल्स्टर

मी कादिर, दाभोळचा. फार शिकलेलो नाही. आमचा मुनाफभाई, माझा थोरला चुलतभाऊ, गेला त्याला आज बावीस दिवस झाले. उझमा म्हणाली चाचा, तुम्ही बाबांच्या सोबत होतात सौदीला, लिहा काहीतरी. तर बोलतोय तसंच टाइप करतोय.

भाई टेलर होता. बुरैद्याला खजुराच्या बाजारामागे दुकान, आमच्या कफीलचं, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाचं, फहादचं. भाई कापायचा, शिवायचा. मी काज-बटण आणि इस्त्री.

नव्वद साली थंडी सुरू झाली तेव्हा एक आयरिश इंजिनियर आला. त्याच्या बापाचा कोट होता, जाड लोकरीचा, पोटरीपर्यंत लांब, दोन ओळी बटणं, मागे पट्टा. अस्तर बदलायचं होतं. म्हणाला ह्याला अल्स्टर म्हणतात, आमच्या मुलखाचं नाव आहे. भाई हसला. म्हणाला, "तुमच्याकडे थंडी, म्हणून कोटाला नाव. आमच्या रत्नागिरीचं नाव आंब्याला." दोघं बराच वेळ हसत होते, हिंदी-इंग्लिश काय ते मिळून.

मग कुवेतवरून लढाईचं वातावरण वाढत गेलं आणि त्याच्या कंपनीने माणसं जेद्दाला नेली. कोट आमच्याकडेच राहिला. मार्चमध्ये त्याचा माणूस येऊन घेऊन गेला.

त्याच्या आधी, जानेवारीत गावाहून फोन आला, भाईची अम्मा अंथरुणाला खिळली आहे, मुनाफला बोलवा म्हणते. भाईचा पासपोर्ट फहादकडे. भाई गेला विचारायला. फहादने तो कोट टांगलेला बघितला होता. म्हणाला, "माझ्या वडिलांना असाच शिवून दे, त्यांना फार थंडी वाजते. मग यल्ला, जा तुझ्या आईकडे."

मी म्हटलं, भाई, हा कोट उसव, तुकडे कापडावर ठेव, दोन दिवसांत होईल. भाई म्हणाला, "उसवलेला कोट परत तसाच बसत नाही. बापाचा आहे त्याच्या."

मग पेपर पसरून, टाचण्या लावून, टेपने एकेक माप घेत बसला. नऊ दिवस गेले. भाईची मान आखडली, डोळे लाल. मी शिव्या घालत इस्त्री करायचो.

मंगळवारी ट्रायलला गेलो. विमान बुधवारचं, रियाधहून. म्हाताऱ्याने उभं राहून कोट घातला, झकास. फहाद खूश. मग म्हातारा नेहमीसारखा गादीवर मांडी घालून बसला, आणि कोट मांड्यांवर ताणला, बटणं तुटायची वेळ. भाईने माप उभ्याने घेतलं होतं, सगळे टेलर घेतात तसं. पण म्हातारा दिवसभर खालीच बसायचा. मुनाफभाई, इतकी वर्षं अरबांचे कपडे शिवणारा, तो हे विसरला.

म्हातारा म्हणाला, "बटणं उघडी ठेवतो, काय बिघडलं?" फहादने पासपोर्ट काढून पुढे धरला. "खलास. जा."

भाईने पासपोर्ट घेतला नाही. म्हणाला, "उघडा ठेवायला कोट कशाला? कमरेखाली मागून उसवतो, आत कापड घालून मोठी चुणी देतो. शनिवारच्या विमानाने जातो."

बाहेर मी म्हटलं, "डोकं फिरलंय काय तुझं? अम्मा वाट बघते."

"चार दिवसांनी काय होतंय रे?"

गुरुवारी सकाळी दुकानात रेडिओ लावला तर लढाई सुरू. रियाधची विमानं बंद. लोक खिडक्यांना टेप लावत होते आणि भाई चुणी शिवत होता. त्याच संध्याकाळी कोट दिला. म्हातारा आरामात बसला त्यात, दुआ दिली.

अम्मा फेब्रुवारीत गेली. भाई एप्रिलमध्ये पोचला.

मी तेव्हा त्याला बोललो, अम्मा गेली ती तुझ्या म्हाताऱ्याच्या मांडीपायी.  नंतर मी तो विषय काढला नाही, पण मनातून गेलाही नाही. ईदला भेटायचो, जेवायचो, बस.

आता रमजानच्या आधी भाई दवाखान्यात होता, भाभी चहा आणायला गेली होती, आम्ही दोघंच. भाई म्हणाला, "कादिर, बुधवारी गेलो असतो तर अम्मा भेटली असती काय?"

मी म्हटलं, "भेटली असती."

त्याने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. विमान रद्द झालं असतं, वाटेत अडकला असतास, काहीही म्हणता आलं असतं मला. नाही म्हटलं असतं तर माझं काय गेलं असतं.