सात नंबर स्टॉलमध्येच आहे

“म्याडम, तुमची मशीन खोटं बोलून राह्यली.”

फोनवर देवरावजी. नमस्कार नाही, कशा आहात नाही. त्याच फोनवर त्यांच्या गोठ्याचं ॲप मला सांगत होतं, सात नंबर सकाळपासून स्टॉलमध्ये आहे, सगळं ठीक आहे.

“काय खोटं बोलली?”

“मशीन म्हणते, सात नंबर दूध पिते. अन् इकडं तिच्या फासळ्या मोजता येऊन राह्यल्या. पोळ्यापर्यंत पाहतो मी. मंग तुमचं कपाट वापस, अन् वासरं पयल्यासारखी खुंट्याले.”

फोन कट.

मी जनावरांची डॉक्टर. राहते शहरात, सक्करदऱ्याला, आणि उमरेड रोडकडच्या गोठ्यांवर सल्ला देत फिरते. देवरावजी ज्याला कपाट म्हणतात ती मशीन मीच त्यांना घ्यायला लावली होती. आहेही ती कपाटाएवढीच. आत दुधाची पावडर कोमट पाण्यात कालवली जाते. बाजूला एक वासरू मावेल एवढा अरुंद स्टॉल आणि त्यात रबराचं बोंड. वासरं बांधायची नाहीत, सगळी एका मोठ्या कप्प्यात मोकळी. भूक लागेल तेव्हा वासरू स्टॉलमध्ये येतं. त्याच्या गळ्यात निळा पट्टा, पट्ट्यात चिप. स्टॉलचा रीडर सगळ्यात जवळची चिप वाचतो, ‘हा सात नंबर, याचं दूध बाकी आहे’ असं पाहतो आणि दूध सोडतो. कोटा संपला की बंद. मग कितीही चोखा.

मशीनसाठी हट्ट धरला होता पल्लवीने, देवरावजींच्या सुनेने. नवरा दुधाच्या गाडीवर, वासरं हिच्या एकटीच्या गळ्यात. वर्षानुवर्षं बादल्या उचलून खांदा गेला. धंतोलीच्या हाडाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बाई, आता बादली उचलायची नाही. सासरे, म्हणजे तिचे मामाजी, तिला बादली उचलू नको म्हणत नव्हते आणि मशीनला हो म्हणत नव्हते. शेवटी ‘पोळ्यापर्यंत पाहतो’ यावर गाडी थांबली होती. म्हणजे सात नंबर कालवड हातची गेली तर मशीन जाणार आणि पल्लवीचा खांदाही.

पाऊस झोडपत होता तरी मी गेले. वासरांच्या शेडमध्ये पंखा फिरत होता. स्टॉलला अगदी लागून एक लाकडी बैल उभा होता, चाकांवरचा, माझ्या कमरेइतका उंच, झुलीवरून जुनं लुगडं टाकून झाकलेला. मी ओला रेनकोट त्याच्या शिंगावर अडकवला आणि कामाला लागले.

हा बैल कशाचा, हे विचारायची मला गरज नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून मैदानात आणतात आणि चांगल्या सजावटीला नंबर देतात. देवरावजींच्या नातवाचा, यशचा, बैल दरवर्षी पहिला येतो. यश आता पुण्यात इंजिनीअरिंगला आहे, दाढी करतो. बैल तरीही त्याच्याच नावाने जातो. सजवतात देवरावजी, ओढतात देवरावजी, बक्षीसही तेच घेतात. “पोरगा अभ्यास करून राह्यला,” एवढंच सांगतात.

सात नंबर म्हणजे बुंदी. काळी, अंगभर पांढरे ठिपके. खरंच वाळली होती. माझ्या डोळ्यांदेखत ती स्टॉलमध्ये शिरली, टक् आवाज झाला, दूध आलं आणि शेपटी हलवत पठ्ठीने मनसोक्त प्यायलं.

“पल्लवी, अगं पिते ना ही!”

“आज पिते ताई. दोन दिवसांपासून पिऊन राह्यली. त्याच्या आधीचे दोन दिवस तोंड हालवे, पण दूधच नाही ये. मी खोटं काहून सांगू?”

मी पोटाचं औषध लिहून दिलं. डॉक्टरला काही कळलं नाही की तो पोटाचं औषध देतो. शिंगावरचा रेनकोट काढला आणि घरी आले.

पोळ्याच्या दिवशी दुपारी पुन्हा फोन. यावेळी पल्लवी, आणि रडवेली.

“ताई, कालपासून एक थेंब नाही. उठता उठेना. मामाजी म्हणतात, उद्या तान्हा पोळा झाला का मशीनवाल्याले फोन करतो.”

घरात पुरणाचा घमघमाट सोडून मी निघाले. देवरावजी व्हरांड्यात बैलाच्या झुलीला आरसे लावत बसले होते. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत बुंदी स्टॉलमध्ये उभी. चोखते, थांबते, माझ्याकडे पाहते, पुन्हा चोखते. मी पल्लवीला बाटलीने दूध आणायला पिटाळलं आणि पुण्याच्या सर्व्हिस इंजिनीअरला फोन लावला.

“मॅडम, बंद करून चालू करा.”

“केलं.”

“मग चालू करून बंद करा.”

“अरे भैताडा, समोर वासरू मरतंय!”

“मॅडम, सिस्टीम म्हणते सात नंबर सध्या स्टॉलमध्ये नाहीच.”

“नाही कशी? माझा हात तिच्या पाठीवर आहे!”

फोन आपटला. आता उरला पट्टा. बुंदीच्या गळ्यात हात घालून मी चिप चाचपली. चिप नव्हती. पट्टा निळाच होता, पण त्याला एक छोटं पितळी हाडूक लटकत होतं, कुत्र्यांच्या पट्ट्याला असतं तसं.

“पल्लवी, हिच्या गळ्यात कुत्र्याचा पट्टा काहून?”

ती बाटली घेऊन आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, “हा आपला पट्टा नाहीच ताई.”

तेवढ्यात पावसाची सर आली. रंग ओला, झूल नवी. देवरावजी बैलाला ओढत, “सरका, सरका!” करत शेडमध्ये घुसले आणि पंख्याच्या वाऱ्यात, स्टॉलला लागून, त्याला नेहमीच्या जागी उभं केलं.

टक्.

मशीन गुरगुरली. बोंडात दूध आलं आणि बुंदी प्यायला लागली.

मी जाऊन बैलाची मान पाहिली. झुलीच्या काठात, जरीच्या दोन पट्ट्यांमध्ये, आमचा निळा पट्टा सुबक टाके घालून शिवलेला होता. वर आरसे. चिप बरोबर मध्यभागी, लॉकेटसारखी.

म्हणजे बैल रंग वाळवायला शेडमध्ये असला की बुंदीला दूध. बैल व्हरांड्यात गेला की उपास. आणि सात नंबर स्टॉलमध्ये दिवसभर उभी आहे असं ॲप म्हणत होतं, तो हा उभा होता. माझा रेनकोट घालून!

“काका!” मी ओरडले. “हे काय आहे?”

“सजावट आहे,” ते शांतपणे म्हणाले. “निळं किती चमकते ते. औंदा थीम हायटेक ठेवली.”

“आणि वासराचं काय?”

“तिले उघडी ठेवली का मी? बर्डीच्या बाजारातून नवा पट्टा आणून देल्ला, माह्या पैशानं. पट्टा तं पट्टा!”

“त्यात चिप असते! कैची आणा. आत्ताच्या आत्ता उसवा.”

देवरावजींनी झुलीवर हात ठेवला, पण जागचे हलले नाहीत. पल्लवी मला हळूच म्हणाली, “ताई, गोठ्याच्या आधी मामाजीचा हातमाग होता. तो विकला तेव्हा त्यांनी हातानं विणलेलं शेवटचं कापड आहे ते. टाके काढले तर जरीचा काठ निघन.” मग सासऱ्यांकडे वळून म्हणाली, “राहू द्या मामाजी. उद्या घेऊन जा बैल. तोवर तो इथून हालला नाही पाह्यजे. नवा पट्टा मागवते मी.”

मी असते तर उसवलं असतं, आणि वर चार शब्दही ऐकवले असते. पल्लवी माझ्यापेक्षा बरी आहे.

दुसऱ्या दिवशी बुंदीला तपासायला गेले तर शेडचं दार सताड उघडं आणि बुंदी गायब. पल्लवी मैदानाकडे धावत होती, मी तिच्या मागे.

मैदानात लाकडी बैलांची रांग. अर्धी पोरं शंकर बनून आलेली, कोणाची जटा सुटलेली. मधोमध देवरावजींचा झुलीतला बैल, आणि त्याला चिकटून बुंदी. दोरी नाही, काही नाही. बैल दोन पावलं सरकला की ही दोन पावलं सरकते. मध्येच त्याच्या लाकडी पोटाखाली तोंड घालून ढुशा देते. तिच्या लेखी दूध देणारा हाच! लोक हसून हसून बेजार.

परीक्षक म्हणजे शाळेतले निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांना हसू येत नव्हतं.

“देवरावजी, स्पर्धा लाकडी बैलाची आहे. जिवंत जनावर चालत नाही.”

“मी नाही आणलं. ते आलं.”

“नातू कुठं आहे?”

“पुण्यात.”

“ते आम्ही इतकी वर्षं चालवून घेतलं ना? आता वासरू तरी बाजूला करा. पहिला नंबर तुमचाच आहे.”

पल्लवीने बुंदीला कवेत धरून ओढलं. बुंदीने असा काही हंबरडा फोडला की शंकरांपैकी दोघं रडायला लागले. देवरावजी एकदा मांडवातल्या बक्षिसाच्या ढालीकडे पाहत होते, एकदा बुंदीकडे. मग त्यांनी बैलाची दोरी खांद्यावर घेतली आणि बैल वळवला.

“काय झालं हो?” मास्तर म्हणाले. “नंबर?”

“राहू द्या तुमचा नंबर. तिच्या दुधाचा टाइम झाला,” देवरावजी म्हणाले. “चाल वं.”

आणि निघाले. पुढे ते, मागे बैल, त्याच्या मागे बुंदी, मग पल्लवी आणि मी. शेडमध्ये बैल जागेवर लावला. टक्. बुंदी पीत होती आणि देवरावजी बाजूला उकिडवे बसून मशीनकडे पाहत होते.

“हुशार आहे हे कपाट,” ते म्हणाले. “लाकडाच्या बैलालेही दूध देते. माणसानं देल्लं असतं का?”

पल्लवीकडे न पाहता पुढे म्हणाले, “बादल्या भंगारवाल्याले देऊन टाक.”

पल्लवीने डोळ्यांना पदर लावला. मीही उगाच बुंदीचे कान तपासले.

नव्या पट्ट्यासोबत बुंदीला नवा नंबर मिळाला. आता ती दांडगट झाली आहे. जुना सात नंबर सिस्टीममधून काढायला बसले तर देवरावजींनी हात धरला. “राहू द्या ना म्याडम. कोणाचं काय खाते तो?”

म्हणून तो अजून आहे. दर सोमवारी सकाळी ॲप मला न चुकता कळवतं, ‘सात नंबर : वजनात वाढ नाही. कृपया पशुवैद्यांना बोलवा.’ मी चहा पिता पिता ‘तपासले’ दाबते. मशीन फक्त पट्टा पाहते, वासरू आपल्यालाच पाहावं लागतं. आणि रेनकोट कशावर टांगतोय, तेही.