साहेबाची खुर्ची

नगरच्या कॅम्पाजवळ एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्याचं हॉटेल केलंय. तिथल्या व्हरांड्यात वेताची जुनी खुर्ची आहे, आणि तिला आडवी दोरी बांधून कुणालाही बसू न देणारा मॅनेजर आहे. मिशी कोरलेली, चालताना चाव्या वाजवतो. खुर्ची कुणाची विचारलं, की पाहुणा बघून कुठला साहेब ते ठरवतो. पुण्याचा असला तर कलेक्टर, फौजी असला तर जनरल. खोटं सांगताना आवाज मात्र देवळात असल्यासारखा खाली आणतो.

बायकोच्या औषधपाण्यासाठी आम्ही कोल्हारहून दर महिन्याला तिथं उतरायचो. दवाखाना समोरच, म्हणून पोरानं मोबाईलवर ठरवलेलं. एकदा तिला धाप लागली तशी दोरी सारून ती खुर्चीत बसली. हा धावत आला.

"मावशी, उठा! दीडशे वर्षांची हाय ती, मोडंल!"

"अन् मी मोडाया आलेय, त्याचं तुला काय न्हाई व्हय रं?"

पुढं आम्ही यायच्या दिवशी दोरी सोडलेली असायची. उपकार केल्यासारखं तोंड करायचा, ते वेगळं.

पावसाळ्यात ती गेली. परवा माझ्या डोळ्यांसाठी एकटाच गेलो. मावशी कुठं, हे त्यानं विचारलं नाही. दोरी परत बांधलेली होती. पुण्याची एक बाई मोबाईल रोखून विचारत होती, "कोणाची हो ही खुर्ची?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. चाव्या मुठीत धरल्या.

"कोल्हारच्या एका मावशींची."

इतक्या वर्षांत त्यानं सांगितलेलं तेवढं एकच खरं. बाईनं फोटो न काढताच मोबाईल पिशवीत टाकला.